६ जून आणि दरबार साहिब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की अमृतसरच्या बातम्या येऊ लागतात आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. काही सहलीला निघालेल्यांचे, काही पुण्यातल्या ज्येष्ठांचे, काही १९८४ नंतर जन्मलेल्यांचे. नेहमी येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ६ जूनला अमृतसरमध्ये नेमकं काय स्मरलं जातं?

जून १९८४ मध्ये भारतीय लष्कराने दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आवारात शिरून केलेली कारवाई. सरकारी नाव ‘ऑपरेशन ब्लू स्टार’. दमदमी टकसाळ या शीख धार्मिक संस्थेचे प्रमुख जर्नेलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांचे सशस्त्र साथीदार आत तटबंदी करून बसले होते, त्यांना बाहेर काढणं हा तिचा उद्देश होता. भिंद्रनवाले, ‘ऑल इंडिया सिख स्टुडंट्स फेडरेशन’चे अध्यक्ष अमरिकसिंग आणि लष्करातले माजी मेजर जनरल शबेगसिंग हे तिघेही त्यात मारले गेले. त्यांच्याबरोबर दर्शनाला आलेले सामान्य भाविक मेले आणि जवानही मेले. या दिवशी प्रत्येक जण यातल्या वेगवेगळ्या मृतांसाठी हात जोडतो, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

२. कुठे १ ते ८ जून लिहिलेलं असतं, कुठे ३ ते ६, कुठे फक्त ५-६. खरं काय?

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कुठून मोजायचं हा प्रश्न आहे. १ जूनला निमलष्करी दल आणि आतले सशस्त्र लोक यांच्यात मोठा गोळीबार झाला. २ जूनच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि पंजाब लष्कराकडे गेला. ३ तारखेला राज्यभर संचारबंदी लागली, रेल्वे आणि बस बंद झाल्या, फोन तोडले गेले, पत्रकारांना बाहेर काढलं गेलं. ४ जूनच्या पहाटे आवाराभोवतीच्या उंच मोर्च्यांवर, म्हणजे बंदुका रोखून बसायच्या जागांवर, मारा सुरू झाला. त्यात पाण्याची टाकी होती आणि अठराव्या शतकातले रामगढिया बुंगे, म्हणजे मनोरे, हेही होते. पायदळ आत शिरलं ते ५ जूनच्या रात्री. अकाल तख्तावरचा मारा आणि मुख्य नेत्यांचे मृत्यू ६ तारखेचे. ८ जूनला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग पाहणीला गेले, तेव्हाही कुठूनशी गोळी आलीच.

३. हल्ला सुवर्णमंदिरावर झाला की अकाल तख्तावर?

सरोवराच्या मधोमध सोन्याच्या पत्र्याने मढवलेली वास्तू म्हणजे हरमंदिर साहिब. सरोवराभोवती परिक्रमा, आणि पश्चिमेला हरमंदिरकडे तोंड करून अकाल तख्त. ते सहावे गुरू हरगोविंद यांनी १६०६ मध्ये उभारलं. हरमंदिरात कीर्तन, तर अकाल तख्तावरून पंथाचे निर्णय, अशी ही जोडी. पंजाबी माणूस या साऱ्या आवाराला दरबार साहिब म्हणतो.

भिंद्रनवाले डिसेंबर १९८३ पासून अकाल तख्तात राहत होते. शबेगसिंग यांनी तिथे आणि परिक्रमेच्या कमानींमागे मोर्चे बांधले होते. त्यामुळे लढाईचा सारा भार अकाल तख्तावर आला. पायदळाला आणि कमांडोंना पुढे सरकता येईना तेव्हा विजयंता रणगाड्यांच्या तोफा त्यावर डागल्या गेल्या आणि पुढचा भाग कोसळला. हरमंदिरवर गोळी झाडायची नाही असे जवानांना आदेश होते. तरी त्यावर गोळ्या लागल्या. गोळीने भोक पडलेला सोन्याचा पत्रा आणि गोळी लागलेला गुरू ग्रंथ साहिबांचा सरूप (प्रत) शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने (गुरुद्वारांचा कारभार पाहणारी संस्था, पुढे नुसती ‘समिती’) २०२१ मध्ये संगतीला दर्शनासाठी ठेवला होता.

४. मुळात सैन्य आत जायची वेळ का आली?

हे एका परिच्छेदात मावणारं नाही, पण सांगाडा असा. १९७३ चा आनंदपूर साहिब ठराव, म्हणजे राज्याला जास्त अधिकार, नदीचं पाणी, चंडीगड या मागण्या. १३ एप्रिल १९७८ ला अमृतसरमध्ये संत निरंकारी पंथाच्या लोकांबरोबरच्या चकमकीत १३ शीख मारले गेले आणि तिथून भिंद्रनवाले यांचं नाव मोठं झालं. १९८२ मध्ये अकाली दलाने धर्मयुद्ध मोर्चा सुरू केला. एकीकडे हजारोंनी अटक करून घेणारं हे शांततेचं आंदोलन, दुसरीकडे खुनांची मालिका. २५ एप्रिल १९८३ ला पोलीस उपमहानिरीक्षक ए. एस. अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना दारातच मारले गेले. ऑक्टोबरमध्ये ढिलवांजवळ बस थांबवून सहा हिंदू प्रवाशांना ठार केलं गेलं आणि राष्ट्रपती राजवट आली.

काँग्रेसने अकालींना शह देण्यासाठी सुरुवातीला भिंद्रनवाले यांना हवा दिली, हा आरोप जुना आहे आणि तो करणारे फक्त विरोधक नाहीत. वाटाघाटी किती वेळा सह्यांपर्यंत येऊन फिसकटल्या ते वाचलं की माझा तरी राग एकाच बाजूवर राहत नाही.

५. एवढा धोका होता तर त्या दिवशी इतके भाविक आत गेलेच कसे?

कारण तो गुरुपर्व होता. पाचवे गुरू अर्जुनदेव यांचा शहीदी दिवस ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीला येतो, आणि १९८४ मध्ये ती तिथी ३ जूनला होती. अर्जुनदेवांनीच हरमंदिर बांधून घेतलं, १६०४ मध्ये तिथे ग्रंथाची स्थापना केली आणि १६०६ मध्ये लाहोरात मरण पत्करलं. अशा दिवशी खेड्यापाड्यांतून बायकापोरांसह लोक येणारच. आले, सराईत उतरले, आणि संचारबंदी लागल्यावर अडकले. त्यांच्याबरोबर धर्मयुद्ध मोर्च्यात अटक करून घ्यायला आलेले अकाली जथेही होते.

बाहेर पडा अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून केल्याचं लष्कर सांगतं. ती ऐकूच आली नाही, किंवा बाहेर गोळीबार सुरू असताना पडणार कसं, असं वाचलेले लोक सांगतात. थोडे बाहेर आले, बरेच आत राहिले. पंजाबबाहेरच्या माणसाला या घटनेचं एकच अंग समजून घ्यायचं असेल तर मी हे सांगेन. शिखांच्या मनात जखम आहे ती अकाल तख्त पडल्याची आणि तेवढीच या दिवसाच्या निवडीची.

६. एकूण किती माणसं मेली?

१० जुलै १९८४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत दरबार साहिबच्या कारवाईसाठी दोन आकडे आहेत: ८३ जवान आणि अधिकारी, आणि ४९३ ‘नागरिक व दहशतवादी’.

दुसरा आकडा पुन्हा वाचा. मोर्च्यात बंदूक घेऊन बसलेला आणि सराईत पोरांना घेऊन झोपलेला, दोघे एकाच ओळीत मोजले आहेत. यात भाविक किती, हे त्या कागदावरून कळत नाही. प्रेतं मोठ्या संख्येने एकत्र जाळली गेली, अनेक घरांना ती पाहायलाही मिळाली नाहीत. शीख संघटनांचे आकडे हजारांत जातात. पत्रकार बाहेर काढले गेले तेव्हा असोसिएटेड प्रेसचे ब्रह्म चेलानी शहरात राहिले होते. त्यांनी मृतांची संख्या सरकारी आकड्याहून बरीच जास्त दिली, आणि हात बांधलेल्या काही जणांना गोळ्या घातल्याचंही लिहिलं. त्यांच्यावर खटला भरला गेला, तो १९८५ मध्ये मागे घेतला गेला.

म्हणून कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगत असेल तर तो कुणाचा आहे हे आधी विचारा. शिवाय पतियाळाच्या दुखनिवारण साहिबसह इतर अनेक गुरुद्वारांत त्याच दिवसांत कारवाई झाली, ती माणसं ४९३ मध्ये नाहीत.

७. याला ‘तिसरा घल्लूघारा’ म्हणतात. मग पहिले दोन कुठले?

घल्लूघारा म्हणजे मोठं हत्याकांड. पहिला, छोटा घल्लूघारा, १७४६ चा. लाहोरचा दिवाण लखपतराय याने काहनूवानच्या दलदलीत शिखांची कत्तल केली. दुसरा, वड्डा घल्लूघारा, ५ फेब्रुवारी १७६२ ला मालेरकोटल्याजवळ कुप इथे. तो करणारा आपल्याला चांगला माहीत आहे: अहमदशाह अब्दाली. पानिपत होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच वर्षी त्याने हरमंदिर सुरुंगाच्या दारूने उडवलं आणि सरोवर बुजवलं. शिखांनी ते पुन्हा बांधलं.

१९८४ ला त्याच रांगेत बसवण्याला अनेकांचा आक्षेप आहे, कारण इथे आत सशस्त्र तयारी होती. पण अरदाशीत, म्हणजे रोजच्या सामूहिक प्रार्थनेत, शतकानुशतकं अशा घटनांची उजळणी करत आलेल्या समाजाला रणगाडा पाहून अब्दाली आठवला, यात मला नवल वाटत नाही.

८. त्या दिवशी प्रत्यक्ष कार्यक्रम काय असतो?

अकाल तख्तावर दोन दिवस आधी अखंड पाठ सुरू होतो. ६ जूनच्या सकाळी भोग, म्हणजे समाप्ती, मग कीर्तन, अरदास आणि हुकुमनामा, म्हणजे ग्रंथातलं त्या दिवसाचं वचन. मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांना सिरोपा (सन्मानाचं वस्त्र) देऊन त्यांचा मान केला जातो. अकाल तख्ताच्या जथेदारांनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, कौमला (शीख समाजाला) संदेश द्यायची परंपरा आहे.

याच्या भोवती दुसरा एक दिवस चालू असतो. खालिस्तानच्या घोषणा, तलवारी, भिंद्रनवाले यांची पोस्टर्स, दल खालसा या खालिस्तानवादी संघटनेने दिलेली अमृतसर बंदची हाक, साध्या कपड्यातले पोलीस. २०१४ ला, तिसाव्या वर्षी, अकाल तख्तासमोरच दोन गटांत तलवारी चालल्या होत्या. टीव्हीवर हाच दिवस दिसतो. पहाटेचा पाठ दिसत नाही.

९. जूनमध्ये रस्त्यात सरदारजी गोड गुलाबी पाणी वाटतात, ते याचंच का?

नाही. ती छबील. दूध, पाणी, गुलाबाचं सरबत आणि बर्फ. ती गुरू अर्जुनदेवांच्या शहीदीनिमित्त असते. त्यांना तापल्या तव्यावर बसवून छळलं गेलं, त्याची आठवण म्हणून उन्हाच्या दिवसांत वाटसरूला थंड पाणी. बिनधास्त घ्या, त्यात राजकारण नाही.

दोन्ही दिवस जवळ येतात म्हणून हा घोळ. त्यातही गुरुपर्व सरकतं आणि ६ जून सरकत नाही. २००३ च्या नानकशाही कॅलेंडरने शहीदी दिवस १६ जूनला कायम केला होता. २०१० च्या दुरुस्तीनंतर समिती तो पुन्हा तिथीने धरते, काही गुरुद्वारे मात्र अजून १६ जूनच पाळतात. शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त समजवायला नको.

१०. या दिवशी अरदास करणारा प्रत्येक शीख खालिस्तानवादी असतो का?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्न ५ आधी वाचावा.

तरी सोपं उत्तर देऊन मोकळं होता येत नाही. अकाल तख्ताच्या जथेदारांनी २००३ मध्ये भिंद्रनवाले यांना शहीद घोषित केलं आहे. आवारातल्या संग्रहालयात त्यांचं चित्र आहे. २०१३ मध्ये आवारात उघडलेला स्मारक-गुरुद्वारा दमदमी टकसाळीने, म्हणजे त्यांच्याच संस्थेने, बांधला. म्हणजे अधिकृत स्मरणात ते आहेतच. त्यांच्या माणसांनी मारलेल्या हिंदूंची आणि विरोधात बोलणाऱ्या शिखांची नावं तिथे कुणी घेत नाही, आणि ही उणीव मला खटकते.

पण खुशवंतसिंग आठवा. भिंद्रनवाले यांच्यावर त्यांनी सतत टीका केली, आणि कारवाईनंतर पद्मभूषण परत केलं. अमरिंदरसिंग यांनी काँग्रेस आणि खासदारकी दोन्ही सोडली. दोघांपैकी कुणीच खालिस्तानवादी नव्हतं. खुद्द भिंद्रनवाले म्हणत की मी खालिस्तान मागत नाही, दिलं तर नाकारणारही नाही. मात्र दरबार साहिबवर हल्ला झाला तर त्याचा पाया घातला जाईल, असंही ते म्हणत.

११. मग कारवाई बरोबर होती की चूक? गोल गोल बोलू नका.

बरं. प्रार्थनास्थळात शस्त्रं साठवून तिथून माणसं मारण्याचे आदेश सुटत असतील तर कुठल्याही सरकारला हातावर हात ठेवून बसता येत नाही. ते तिथपर्यंत जाऊ देणं ही पहिली चूक, गुरुपर्वाच्या आठवड्यात घाईने, रणगाड्यांनी ते सोडवणं ही दुसरी. माझ्या मते दुसरी जास्त महागात पडली.

पुरावा म्हणून लोक मे १९८८ च्या ‘ऑपरेशन ब्लॅक थंडर’कडे बोट दाखवतात. तेव्हाही आवारात अतिरेकी होते. राष्ट्रीय सुरक्षा दलाने वेढा घातला, पाणी आणि वीज तोडली, लांबून नेमबाज बसवले, पत्रकारांना सारं पाहू दिलं. सुमारे दोनशे जण शरण आले आणि वास्तूंना जवळपास धक्का लागला नाही. तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही सांगतो. १९८८ ला आत शबेगसिंगांसारखा लढाई जाणणारा सेनापती नव्हता, आणि आत हजारो भाविकही नव्हते.

१२. आज दिसणारं अकाल तख्त तेच जुनं आहे का?

नाही, आणि मधलं सरकारी बांधकामही नाही. कारवाईनंतर सरकारने निहंग बाबा संतासिंग यांना पुढे करून घाईने दुरुस्ती करवली. पंथाने ती मानली नाही, संतासिंगांना बहिष्कृत केलं गेलं. २६ जानेवारी १९८६ च्या सरबत खालसात, म्हणजे साऱ्या पंथाच्या सभेत, ठरलं आणि ते बांधकाम पाडून कारसेवेने नवं उभारलं गेलं. तोडणारेच बांधणार हे सोसवत नाही, असा तो भाव होता.

जुन्या खुणा पाहायच्या असतील तर समितीच्या कार्यालयाची इमारत, तेजासिंग समुंद्री हॉल, पाहा. तिच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम ठेवल्या आहेत. ६ जूनला याच भागातून अकाली दलाचे अध्यक्ष हरचंदसिंग लोंगोवाल आणि समितीचे अध्यक्ष गुरचरणसिंग तोहरा यांना जिवंत बाहेर आणलं गेलं होतं.

१३. ग्रंथालय जळालं की नेलं?

आवारातल्या सिख रेफरन्स लायब्ररीत हस्तलिखित बिरी (ग्रंथाच्या प्रती) आणि गुरूंचे हुकुमनामे (आज्ञापत्रं) होते. लढाईत आग लागली, असं सरकारचं म्हणणं. आधी पोत्यांत भरून सामान नेलं आणि मग आग लागली, असं समितीचं म्हणणं. काही सामान केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेलं होतं आणि त्यातलं काही परत आलं. किती आलं, यावर आज समितीच्या आतही भांडण आहे.

१४. मारल्या गेलेल्या जवानांचं स्मरण कुठे होतं?

पलटणींत आणि घरांत. कुमाऊं, मद्रास, बिहार, गढवाल, गार्ड्स, पॅरा कमांडो अशा अनेक तुकड्या तिथे होत्या. काहींना अशोक चक्र मिळालं, त्यातली काही मरणोत्तर. मरण पत्करलेला जवान आदेशाने गेला होता, त्याच्या कुटुंबाचं दुःख कुणाहून कमी नाही. अमृतसरच्या कार्यक्रमात त्याला जागा नाही आणि लष्करही या लढाईचा गाजावाजा करत नाही.

कारवाईचं नेतृत्व करणारे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार शीख घरातले. १९७१ मध्ये त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचं नेतृत्व करून जमालपूरला वीरचक्र मिळवलं होतं. समोर मोर्चे लावणारे शबेगसिंग यांनी त्याच युद्धासाठी मुक्तिवाहिनी तयार केली होती. ब्रार यांच्यावर २०१२ मध्ये लंडनमध्ये चाकूहल्ला झाला, ते वाचले. आणखी एक बाजू कमी सांगितली जाते: बातमी कळताच काही शीख तुकड्यांत बंड झालं. रामगढच्या शीख रेजिमेंट केंद्रात त्यांचे प्रमुख ब्रिगेडियर एस. सी. पुरी मारले गेले.

१५. पुण्यात जनरल वैद्यांना मारलं, त्याचा याच्याशी संबंध आहे?

थेट. जनरल अरुणकुमार वैद्य तेव्हा लष्करप्रमुख होते. दोन महावीरचक्रं मिळवलेला रणगाडा दलाचा अधिकारी. जानेवारी १९८६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले, आणि १० ऑगस्टला गाडी चालवत घरी येत असताना हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांनी त्यांना गोळ्या घातल्या. दोघांना ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवडा तुरुंगात फाशी झाली.

पुण्यात वैद्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, मुंबईत गोरेगावला रस्ता आहे. अमृतसरमध्ये ९ ऑक्टोबरला सुखा-जिंदांसाठी अरदास होते. तुमच्यापैकी एकाने विचारलं होतं की हे वाचून चीड आली तर चालेल का. चालेल. मलाही येते. फक्त ती सराईत मेलेल्या बाईवर काढू नये.

१६. नोव्हेंबर १९८४ आणि जून १९८४ एकच ना? सरकारने माफी मागितली आहे ना?

वेगळे. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी हत्या केली, त्यानंतर दिल्लीत आणि इतरत्र शिखांची कत्तल झाली. दिल्लीतला सरकारी आकडा २,७३३. मनमोहनसिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये राज्यसभेत माफी मागितली ती या हत्याकांडाबद्दल. जूनच्या कारवाईबद्दल नाही. दोन्हींना मिळून नुसतं ‘चौऱ्यांशी’ म्हणतात, त्यामुळे बातम्यांतही गल्लत होते.

जूनमध्ये आवारातून पकडलेल्या साडेतीनशेहून अधिक जणांना जोधपूरच्या तुरुंगात वर्षानुवर्षं ठेवलं गेलं. त्यांपैकी ४० जणांना भरपाई द्यावी, असा निकाल अमृतसरच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

१७. ब्रिटनने मदत केली होती म्हणतात?

२०१४ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून कळलं की फेब्रुवारी १९८४ मध्ये थॅचर सरकारने एक लष्करी सल्लागार भारतात पाठवला होता. त्या सल्ल्याचा प्रत्यक्ष कारवाईवर फारसा परिणाम झाला नाही, असा ब्रिटिश सरकारच्या चौकशीचा निष्कर्ष. तिथल्या शीख संघटनांना तो पटलेला नाही.

१८. आमचं तिकीट नेमकं ५ जूनचं आहे. जावं का?

दर्शन बंद नसतं, लंगरही चालू असतो. बाजार मात्र बंद असू शकतो आणि नाकाबंदी असतेच. सकाळच्या कार्यक्रमाच्या वेळी अकाल तख्तासमोरची गर्दी टाळा, घोषणांचे व्हिडिओ काढत उभे राहू नका. डोकं झाका, पाय धुवा, तंबाखू खोलीवर ठेवा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर ७ तारखेला जा.

१९. नांदेडलाही हाच कार्यक्रम अमृतसरच्या आदेशाने होतो का?

आदेशाने नाही. नांदेडचं तख्त सचखंड हजूर साहिब पाच तख्तांपैकी एक असलं तरी त्याचा कारभार शिरोमणी समितीकडे नाही. तो १९५६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वतंत्र मंडळाकडे आहे. पूजेच्या आणि मर्यादेच्या बाबतीतही तिथल्या काही पद्धती वेगळ्या आहेत. त्यामुळे अमृतसरच्या पत्रिकेवरून नांदेडचा अंदाज बांधू नका. त्या दिवशी तिथे काय आहे ते तख्ताच्या कार्यालयातच विचारा.